नागाइमो : जपानी लांब कंदाची निवड, साठवण आणि निर्यात

नागाइमो हा जपानमधला असा पिष्टमय कंद आहे, जो तिथे मुख्यतः कच्चाच खाल्ला जातो. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, फिकट बदामी सालीचा आणि अंगावर विरळ तंतुमुळे असलेला हा कंद कापला की आतून पांढराशुभ्र निघतो, आणि किसला की त्याचा चिकट, फेसाळ लगदा होतो. वनस्पतिशास्त्रात त्याला डायोस्कोरिया पॉलिस्टॅकिया म्हणतात. थंडीच्या दिवसांत आपल्याकडच्या बाजारात येणारे कोनफळ आणि करांदा हे त्याच डायोस्कोरिया वंशातले आहेत. नागाइमो मूळचा चीनमधला असला तरी जपानमध्ये तो शतकानुशतके रुजलेला आहे. जपानच्या डोंगरांत आपोआप उगवणारा जिनेन्जो हा मात्र वेगळ्या, तिथल्याच जातीचा कंद असून तो अधिक दाट आणि बराच महाग असतो. व्यापारी प्रमाणावर पिकतो तो नागाइमोच, आणि त्याच्या उत्पादनाचा फार मोठा वाटा होक्काइदो बेटावरचा तोकाचीसारखा प्रदेश आणि होन्शू बेटाच्या उत्तर टोकाचा आओमोरी प्रांत या दोन ठिकाणांहून येतो.

जपानमध्ये राहणारी मराठी कुटुंबे हा कंद दुकानात रोज पाहतात, पण तो घरी कसा करावा याबद्दल अनेकांच्या मनात संकोच असतो. दुसरीकडे, कंदमुळांच्या निर्यातीचा विचार करणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना तोकाचीच्या शेतकऱ्यांनी उभारलेल्या व्यवस्थेतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून या लेखात आधी स्वयंपाकघरातली तयारी, मग शेत आणि शीतगृह, आणि शेवटी निर्यात असा क्रम घेतला आहे. हा क्रम मुद्दाम उलटा आहे, कारण खाणारा कंद कसा खातो हे समजल्याशिवाय काढणी, साठवण आणि प्रतवारीतली शिस्त कशासाठी आहे हे नीट ध्यानात येत नाही.

निवड आणि ओळख

दुकानात नागाइमो अखंड किंवा तुकडे करून, प्लास्टिकच्या आवरणात मिळतो. अखंड कंद घेताना तो हातात जड लागतो का, जाडी वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, आणि सालीवर खरचटल्याच्या तपकिरी खुणा, मऊ पडलेले भाग किंवा निळसर-हिरवी बुरशी नाही ना, हे पाहावे. तुकडा घेताना कापलेल्या बाजूचा रंग पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ती बाजू पांढरी आणि ओलसर असावी. गुलाबी किंवा तपकिरी छटा दिसली तर कापून बराच वेळ झाला आहे असे समजावे.

याच वर्गातले यामातोइमो आणि इचोइमो हे कंद दिसायला वेगळे असतात. त्यातला इचोइमो हाताच्या पंज्यासारखा किंवा पंख्यासारखा पसरट असतो. जपानच्या अन्नघटक तक्त्यानुसार नागाइमोच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८३ टक्के पाणी आणि ६४ किलोकॅलरी असतात, तर यामातोइमोत पाणी सुमारे ६७ टक्के आणि ऊर्जा ११९ किलोकॅलरी असते. या फरकामुळेच यामातोइमो किसल्यावर त्याचा गोळा चमच्याने उचलता येईल इतका दाट होतो आणि नागाइमोचा लगदा सहज ओघळतो. पाककृतीत एकाच्या जागी दुसरा घ्यायचा असेल तर पाण्याचे प्रमाण बदलावे लागते, हे लक्षात ठेवावे.

स्वयंपाकघरातली तयारी

अळू आणि सुरण चिरून ज्यांच्या हाताला खाज सुटली आहे, त्यांना नागाइमोचा त्रास लगेच ओळखीचा वाटेल, कारण दोन्हींमागचे कारण एकच आहे. कंदात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते सालीलगतच्या भागात अधिक असतात. ते कातडीत टोचतात आणि खाज सुटते. म्हणून सोलण्यापूर्वी हात व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात बुडवून घ्यावेत किंवा हातमोजे घालावेत, आणि साल जरा जाड काढावी. ओठांना किंवा तोंडाभोवती लागलेला लगदाही लगेच पुसून टाकावा. काहींना या कंदाची खरी ॲलर्जी असते. ओठ सुजणे किंवा अंगावर गांधी उठणे अशी लक्षणे दिसली तर तो पुन्हा खाऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

सोललेला कंद अतिशय निसरडा होतो, त्यामुळे किसताना तो हातातून सटकून बोटे खिसणीवर येण्याचा धोका असतो. यावर जपानी घरांतला उपाय सोपा आहे. संपूर्ण कंद एकदम सोलायचा नाही. जेवढा किसायचा तेवढाच सोलायचा आणि हातात धरण्याच्या टोकाची साल तशीच ठेवायची. साल न काढताही नागाइमो खाता येतो. त्यासाठी कंद स्वच्छ घासून धुवावा आणि गॅसच्या ज्योतीवरून फिरवून तंतुमुळे जाळून टाकावीत. काप करून तव्यावर भाजायचे असतील तर हीच पद्धत चांगली, कारण भाजलेल्या सालीची चव खमंग लागते.

चिरलेला किंवा सोललेला कंद हवेत राहिला की त्यातल्या विकरांमुळे तो तपकिरी पडतो. हे टाळण्यासाठी एक लिटर पाण्यात साधारण दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून त्यात तुकडे पाच-दहा मिनिटे ठेवावेत आणि नंतर कोरडे करून घ्यावेत.

सर्वांत परिचित पदार्थ म्हणजे तोरोरो, अर्थात किसलेल्या कंदाचा पातळ लगदा. चार माणसांसाठी सुमारे ४०० ग्रॅम कंद घ्यावा. बारीक दातांच्या खिसणीवर तो गोल गोल फिरवत, जोर न लावता किसावा. शक्य असेल तर तो सुरीबाची या आतून खाचा असलेल्या मातीच्या भांड्यात घेऊन लाकडी दांड्याने पुन्हा घोटावा. पहिल्यांदा लगद्यात लहान गुठळ्या दिसतात. चार-पाच मिनिटे एकाच दिशेने घोटल्यावर त्या विरतात, हवा मिसळून लगदा फुगतो, त्याचा रंग अधिक पांढरा होतो आणि दांडा उचलला की लांब, न तुटणारी धार पडते. त्यानंतर १५० ते २०० मिलिलिटर दाशी, म्हणजे समुद्री शेवाळ किंवा सुक्या माशाचे पातळ सार, थोडे थोडे करून मिसळावे आणि सोया सॉस किंवा मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याने चव आणावी.

दाशी पूर्ण गार किंवा जेमतेम कोमट असावी. नागाइमोत पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर भरपूर असते आणि तो कच्चा खाण्यामागचे एक कारण तेच सांगितले जाते. उकळते सार ओतले तर विकर निकामी होते आणि लगदाही फाटल्यासारखा होतो. शाकाहारी मंडळींनी हेही पाहावे की बाजारातली तयार दाशी बहुधा बोनिटो माशाची असते. त्याऐवजी एक लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम कोंबू शेवाळ आणि दोन-तीन सुकी शिइताके अळिंबे रात्रभर भिजत ठेवून केलेले सार वापरावे. माझ्या मते या कंदाच्या सौम्य चवीला ते अधिक शोभते.

तोरोरो जव मिसळलेल्या गरम भातावर घालतात. शिझुओकाजवळच्या मारिको या जुन्या तोकाइदो महामार्गावरील मुक्कामाचे तोरोरो सार एदो काळापासून प्रसिद्ध आहे; तिथला मूळ कंद मात्र जिनेन्जो. कच्च्या ट्यूना माशावर घातलेला तोरोरो म्हणजे यामाकाके. ओकोनोमियाकी या जाड धिरड्याच्या पिठात किसलेला नागाइमो घातला की ते आतून हलके राहते. आगपेटीच्या काड्यांसारखे तुकडे करून समुद्री शेवाळाची पूड आणि सोया सॉस घातलेली कोशिंबीर हा सर्वांत कमी श्रमाचा पदार्थ आहे. कंद शिजवला तर त्याचा चिकटपणा जातो आणि तो कोनफळासारखा भुसभुशीत लागतो, त्यामुळे आपल्या पद्धतीच्या परतलेल्या भाजीत, जिरे-मिरचीच्या फोडणीवर, तो उत्तम जमतो. ज्या घरांत उपवासाला कोनफळ आणि सुरण चालते, तिथे हाही त्याच न्यायाने चालायला हरकत नसावी.

घरी ठेवताना अखंड कंद वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. तो साधारण महिनाभर चांगला राहतो. कापलेल्या कंदाच्या उघड्या बाजूला पातळ प्लास्टिकचे आवरण घट्ट चिकटवावे आणि तो आठवड्याभरात संपवावा. त्याहून अधिक उरला तर किसून, झिपच्या पिशव्यांत पातळ थर करून गोठवावा. लागेल तेवढा तुकडा मोडून घेऊन गार पाण्यात पिशवीसकट सोडला की तो लवकर सुटतो.

शेतात : बेणे, चर आणि दोन काढण्या

जो कंद कच्चा खायचा, त्याचा रंग, आकार आणि स्वच्छता यांत तडजोड करता येत नाही, आणि ही काळजी लावणीपासूनच सुरू होते.

कंद सरळ खाली वाढतो. वाटेत दगड किंवा घट्ट थर आला की तो वाकतो, फाटे फोडतो, आणि वाकड्या कंदाला ताज्या बाजारात भाव मिळत नाही. म्हणून खोल, बिनदगडाची, निचऱ्याची जमीन लागते. तोकाचीच्या मैदानातली ज्वालामुखीच्या राखेची माती यासाठी अनुकूल ठरली. लावणीपूर्वी यंत्राने सुमारे एक मीटर खोलीपर्यंत चरासारखी अरुंद पट्टी भुसभुशीत करतात आणि त्या पट्टीच्या बरोबर वर बेणे लावतात. बेणे म्हणजे कंदाचे साधारण १०० ग्रॅमच्या आसपासचे तुकडे किंवा खास बियाण्यासाठी वाढवलेले छोटे कंद. तोकाचीत लावणी मे महिन्याच्या मध्यापासून होते. वेल चढण्यासाठी खांब आणि जाळी उभारतात. वेलीच्या पानांच्या बेचक्यात करांद्यासारखे, पण वाटाण्याएवढे कंद लागतात. त्यांना मुकागो म्हणतात आणि ते भातात शिजवून खातात.

विषाणुजन्य मोझॅक हा या पिकाचा मोठा शत्रू आहे. तो मावा किडीमुळे आणि दूषित बेण्यातून पसरतो आणि एकदा शिरला की पुढच्या पिढ्यांत उत्पादन घटत जाते. त्यामुळे विषाणुमुक्त बेणे सहकारी संस्थेमार्फत वाढवून शेतकऱ्यांना देणे, बेण्याच्या शेतातून फिरून पानांवर पिवळट पट्टे दिसणारी रोपे उपटून टाकणे, ही कामे तिथे सामुदायिक शिस्तीने होतात. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी टाळण्यासाठी पिकाची फेरपालटही आवश्यक असते; त्यांचा निर्यातीशी थेट संबंध आहे आणि तो पुढे येईल.

काढणी दोनदा होते. पहिली शरद ऋतूत, पाने पिवळी पडून वेल वाळल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून जमीन गोठेपर्यंत. दुसरी वसंत ऋतूत, बर्फ वितळून माती मोकळी झाल्यावर. मधल्या काळात तोकाचीतल्या ओबिहिरो शहराच्या परिसरात तापमान उणे २० अंशांपर्यंत उतरते, तरी खोल मातीतला कंद सुरक्षित राहतो. शरदातल्या कंदाची साल पातळ आणि गर रसदार असतो. हिवाळाभर जमिनीत राहिलेल्या कंदाची चव अधिक गाढ मानली जाते. या दोन हंगामांमुळे काढणीचे काम आणि शीतगृहावरचा ताण विभागला जातो आणि वर्षभर पुरवठा शक्य होतो. वेल पुरता वाळण्याआधी घाई करून काढणी करू नये, कारण अपक्व कंद किसल्यावर लवकर काळपट पडतो.

काढणी यंत्राने सुरू होते, पण हातानेच पूर्ण होते. यंत्र रांगेच्या बाजूने माती मोकळी करत पुढे जाते आणि मागून येणारे मजूर दोन्ही हातांनी कंद उभा धरून सरळ वर ओढतात. थोडे तिरके ओढले तरी तो काकडीसारखा कटकन मोडतो. मोडलेला कंद वाया जात नाही, तो तुकड्यांच्या पॅकिंगला किंवा गोठवलेल्या तोरोरोच्या कारखान्याला जातो, पण त्याची किंमत उतरते. म्हणून काढणीच्या कामाला अनुभवी माणसे लावणे आणि कंद क्रेटमध्ये टाकण्याऐवजी आडवे ठेवणे, या दोन गोष्टींवर खर्च वाचवू नये.

साठवण

साठवणुकीचा पहिला नियम असा की कंद धुऊन ठेवू नये. शेतातून आलेला कंद मातीसकट क्रेटमध्ये भरून शीतगृहात जातो आणि मागणी येईल तसा बाहेर काढून धुतला जातो. धुतल्याने साल ओली आणि हळवी होते, लहान खरचटे उघडे पडतात आणि तिथून बुरशी शिरते. साठवणीतली सर्वांत त्रासदायक बुरशी पेनिसिलियम गटातली आहे. ती जखमेतून आत जाते आणि निळसर-हिरवा थर दिसेपर्यंत आतला गर तपकिरी होऊन गेलेला असतो. त्यामुळे साठवणीत टाकण्याआधी मोडके, चिरलेले आणि किडलेले कंद काटेकोरपणे वेगळे काढावेत, आणि मागच्या हंगामातले क्रेट धुऊन, वाळवून मगच वापरावेत.

दुसरा नियम तापमानाचा. नागाइमोसाठी साधारण ३ ते ५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवतात. शून्याखाली गेले तर कंद गोठून नंतर पाणी सोडतो, आणि तापमान वाढत गेले तर सुप्तावस्था संपून कोंब फुटू लागतात. क्रेटच्या रचलेल्या थरांवर प्लास्टिकचे आवरण घातले की पंख्याच्या थेट वाऱ्याने कंद सुकत नाही, मात्र आतल्या बाजूला थेंब साचणार नाहीत इतकी मोकळी जागा सोडावी लागते.

मराठी वाचकांनी इथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. हे आकडे कोनफळाला लावू नयेत. कोनफळ उष्ण प्रदेशातला कंद आहे आणि साधारण १२ अंशांखाली त्याला थंडीची इजा होते. बाहेरून तो ठीक दिसतो, पण शीतगृहातून काढल्यावर आतून काळा पडून सडतो. वंश एक असला तरी नागाइमो थंड प्रदेशात वाढलेला असल्याने त्याची सहनशक्ती वेगळी आहे. आपल्याकडच्या एखाद्या बटाट्याच्या शीतगृहात कोनफळ ठेवून निर्यातीची तयारी करण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याने तापमानाचा स्वतंत्र कप्पा मिळतो का हे आधी पाहावे.

शीतगृहातल्या प्रत्येक ढिगावर शेतकऱ्याचे सांकेतिक चिन्ह, शेताचा क्रमांक आणि काढणीची तारीख असलेले लेबल असले पाहिजे. ही नोंद पुढे निर्यातीच्या कागदांचा पाया ठरते.

धुणे, प्रतवारी आणि खोके

मागणी आली की कंद उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने आणि मऊ ब्रशने धुतात. तंतुमुळांच्या बुडाशी आणि वरच्या निमुळत्या मानेच्या सुरकुत्यांत माती अडकून राहते, आणि विदेशी बंदरावरचा निरीक्षक नेमके तिथेच पाहतो. त्यामुळे यंत्रातून आलेला प्रत्येक कंद प्रकाशाखाली हाताने फिरवून तपासणे निर्यातीच्या मालासाठी अनिवार्य समजावे. ओबिहिरोच्या कावानिशी भागातील कृषी सहकारी संस्थेने आपल्या धुलाई आणि प्रतवारी केंद्रासाठी हॅसेप ही अन्नसुरक्षेची पद्धत स्वीकारली, ती यासाठीच. पाण्याची शुद्धता, यंत्राचा धातूचा कण मालात जाण्याची शक्यता, कामगारांची स्वच्छता अशा प्रत्येक टप्प्यावर धोका कुठे आहे हे आधी ठरवून त्याची रोज नोंद ठेवणे, हे या पद्धतीचे सार आहे.

प्रतवारी वजन आणि आकारावर होते. जपानी बाजारात एम, एल, २एल, ३एल, ४एल असे वर्ग चालतात, आणि ४एल वर्गातल्या एका कंदाचे वजन किलोभराहून बरेच जास्त असते. धुतलेले, पाणी निथळलेले कंद १० किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लास्टिकच्या अस्तरात, लाकडाच्या भुशात पुरून ठेवतात. भुसा किंचित दमट असतो. तो दोन कंद एकमेकांना घासू देत नाही, ओलावा धरून ठेवतो आणि तापमानाचा झटका सौम्य करतो. निर्यातीसाठी मात्र आयात करणारा देश भुशासारखे वनस्पतिजन्य भराव साहित्य कोणत्या अटीवर स्वीकारतो हे आधी लेखी विचारून घ्यावे, आणि हरकत असेल तर फोमची जाळी किंवा कागद वापरावा.

मोठ्या कंदाला परदेशात मिळालेली किंमत

कावानिशीच्या शेतकऱ्यांनी १९९९ मध्ये तैवानला नागाइमो पाठवायला सुरुवात केली. उत्पादन वाढले की देशातला भाव कोसळत असे, आणि सर्वांत मोठ्या कंदांची अडचण वेगळीच होती. जपानमधली कुटुंबे लहान होत गेल्यामुळे दीड किलोचा कंद घरी कोणी नेत नव्हते. मध्यम आकाराला मागणी आणि मोठ्याला कमी भाव, अशी स्थिती होती. तैवानमध्ये नेमके उलट होते. तिथे हा कंद औषधी आहारातला मानला जातो, डुकराच्या बरगडीच्या सारात जाड फोडी करून शिजवला जातो, आणि जाड, पांढराशुभ्र, भरदार कंद हे उत्तमाचे लक्षण समजले जाते. घरी पडून राहणारा माल तिथे प्रतिष्ठेचा ठरला, आणि मोठा कंद बाहेर गेल्याने देशांतर्गत बाजारातला भावही सावरायला मदत झाली. पुढे अमेरिकेतील आशियाई वंशाच्या लोकांच्या दुकानांपर्यंत हा माल पोचला. आसपासच्या अनेक सहकारी संस्था एकाच बोधचिन्हाखाली एकत्र आल्या आणि ‘तोकाची कावानिशी नागाइमो’ या नावाला २०१६ मध्ये जपानमध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या उदाहरणाचे मला जे मोल वाटते ते असे, की इथे निर्यात ही उरलेला माल खपवण्याची सोय म्हणून राहिली नाही. ग्राहकाचा पदार्थ पाहून आकार ठरला, आकार पाहून लावणीचे अंतर आणि बेणे ठरले, आणि वर्षानुवर्षे एकाच दर्जाचा पुरवठा करण्यासाठी शीतगृह उभे राहिले.

निर्यातीचे टप्पे

पहिला टप्पा आयात करणाऱ्या देशाच्या वनस्पती संगरोधाच्या, म्हणजे मालासोबत किडी-रोग देशात शिरू नयेत म्हणून घातलेल्या, अटी तपासण्याचा. जपानमध्ये हे काम कृषी, वन व मत्स्य मंत्रालयाचे वनस्पती संरक्षण केंद्र करते आणि देशवार अटी प्रसिद्धही करते. जमिनीखाली वाढणाऱ्या मालाबाबत माती आणि सूत्रकृमी हे जवळपास प्रत्येक देशाच्या चिंतेचे विषय असतात. सालीवर गाठी असलेला एखादा कंदही संपूर्ण खेप अडवू शकतो, म्हणून फेरपालट आणि शेतातली पाहणी यांची नोंद कागदावर हवी. माल तयार झाल्यावर निरीक्षक नमुने काढून तपासतो आणि मगच वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मिळते.

दुसरा टप्पा कीटकनाशकांच्या अंशाचा, आणि बहुतेक नवे निर्यातदार अडखळतात ते इथेच. एखादे औषध जपानमध्ये या पिकावर मान्य असले तरी तैवानने त्याची मर्यादा ठरवलेली नसेल तर तिथे त्याचा अंश आढळणेच नियमबाह्य ठरते. म्हणून निर्यातीची शेते लावणीपूर्वीच निश्चित करावीत, दोन्ही देशांच्या याद्या शेजारी ठेवून फवारणीचे वेळापत्रक त्यानुसार आखावे आणि काढणीनंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. फवारणी होऊन गेल्यावर हा प्रश्न सुटत नाही.

तिसरा टप्पा कागदपत्रांचा. व्यापारी बीजक, पॅकिंग यादी, जहाजाचे बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती), उत्पत्ती प्रमाणपत्र आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र या सर्वांत मालाचे नाव, खोक्यांची संख्या आणि वजन अक्षरशः सारखे असले पाहिजे. ताज्या किंवा शीत याम वर्गासाठी आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणाचा क्रमांक ०७१४.३० आहे. अमेरिकेला पाठवताना पॅकिंग केंद्राची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी आणि प्रत्येक खेपेची पूर्वसूचना लागते. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर तैवानने २०१५ पासून जपानी अन्नासाठी प्रांतवार उत्पत्तीचे दाखले मागायला सुरुवात केली, तेव्हा ज्यांच्या ढिगांवर शेतापर्यंतची नोंद होती त्यांना ते देणे सोपे गेले.

लाकडी पॅलेट वापरत असाल तर त्यावर आयएसपीएम १५ या लाकडी आवेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा; याचा अर्थ लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे ठेवले गेले आहे, किंवा मान्य असलेली दुसरी प्रक्रिया झाली आहे.

चौथा टप्पा कंटेनरचा. होक्काइदोतून समुद्रमार्गे माल पाठवताना तोमाकोमाई हे प्रमुख कंटेनर बंदर आहे. शीत कंटेनर थंडावा टिकवतो, गरम माल झपाट्याने थंड करण्याची त्याची क्षमता नसते. म्हणून खोकी भरण्याआधी कंदाच्या गाभ्याचे तापमान टोचणीच्या तापमापीने मोजावे आणि ते साठवणीच्या पातळीला असेल तरच भरणी सुरू करावी. खोक्यांची रचना आतल्या लाल रेषेच्या वर जाऊ नये, जमिनीच्या खाचा आणि दाराजवळची जागा हवेसाठी मोकळी राहावी, आणि निर्धारित तापमान व हवेच्या झडपेची स्थिती बुकिंगमध्येच लेखी नोंदवावी. तापमान नोंदवणारी दोन यंत्रे ठेवावीत, एक दाराजवळ आणि एक मधल्या खोक्यात. बंदरावर कंटेनर विजेपासून तुटल्याचे याच नोंदीवरून सिद्ध होते.

प्रवाशांच्या सामानातून कंद किंवा मुकागो नेण्याचा मोह कोणी करू नये. अमेरिकेच्या पूर्व भागात हीच जात या इवल्या हवाई कंदांमार्फत पसरून आक्रमक तण ठरली आहे. भारतात वनस्पतिजन्य माल आणण्यावर वनस्पती संगरोध आदेश, २००३ लागू आहे आणि परवान्याशिवाय असा माल विमानतळावर जप्त होतो.

माल पोचल्यावर

आयातदाराने कंटेनर उघडताच आधी तापमानाची नोंद उतरवून घ्यावी, दाराजवळची, मधली आणि आतली अशी खोकी निवडून उघडावीत आणि प्रत्येकातला एक कंद आडवा कापून छायाचित्र घ्यावे. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या कंदाचा गर तपकिरी असेल तर ते कापल्यावरच दिसते, आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत विक्रीकरारात थोडक्या दिवसांची असते. त्यानंतर खोकी लगेच ३ ते ५ अंशांच्या खोलीत न्यावीत. दमट हवेत उघड्यावर ठेवल्यास गार कंदावर पाणी सुटते आणि पुठ्ठा मऊ पडून खालची खोकी बसतात. किरकोळ दुकानदाराला द्यायचा माल भुशातून शक्य तितक्या उशिरा काढावा, आणि दुकानात कापलेल्या तुकड्यांवर कापल्याची तारीख लिहायला सांगावे.